कृष्णराजसागराचे शिल्पकार : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

दर वर्षी १५ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. बेळगावात १९९८ साली स्थापन झालेल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. सीमाभागातील विद्यार्थ्यांच्या तोंडी हे नाव नित्य असते. परंतु नाव परिचयाचे झाले की माणूस विस्मरणात जातो, असा अनुभव आहे. कावेरी नदीला बांध घालून त्या पाण्याच्या बळावर एका संस्थानाचे कारखाने उभे करू पाहणारा हा पुरुष कसा घडला, त्याला कोणाशी झगडावे लागले आणि त्याने जे उभारले त्याचे पुढे काय झाले, याचा हा अल्प परिचय.

कोलार जिल्ह्यात, चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात १८६०-६१ च्या सुमारास विश्वेश्वरय्या यांचा जन्म झाला. घराणे मूळचे आंध्रातील मोक्षगुंडम गावचे. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. घरात विद्या होती, पण संपत्ती नव्हती. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आई व्यंकटलक्ष्मम्मा यांची जिद्द आणि मामांचा आधार यांवर मुलाचे शिक्षण पुढे चालले. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला आणि १८८१ साली बी. ए. ची पदवी घेतली. त्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकण्यास आले. १८८३ साली त्या परीक्षेत ते पहिले आले आणि लगेच मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची साहाय्यक अभियंता म्हणून नेमणूक झाली.

मुंबई इलाख्यातील त्यांची नोकरी जवळजवळ पाव शतकाची. नाशिक आणि खानदेश ही त्यांची पहिली कर्मभूमी. महाराष्ट्राच्या पाण्याशी, दुष्काळाशी आणि शेतकऱ्याशी त्यांचा परिचय झाला तो या काळात. पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांचा सहवास त्यांना लाभला; डेक्कन क्लबच्या स्थापनेत त्यांचा हात होता. देशाच्या दारिद्र्याचे मूळ अर्थव्यवस्थेत शोधावे आणि त्यावरचा उपायही आकडेवारीच्या आधारे सांगावा, ही रानड्यांची रीत त्यांच्या मनात कायमची रुजली. त्यांच्या उत्तरायुष्यातील औद्योगिक विचारांचा उगम पुण्यातील या मंडळींत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

खात्यातील कामगिरीने त्यांचा लौकिक वाढत गेला. सिंधमधील सक्करला पाणीपुरवठ्याची योजना त्यांनी पुरी केली. कालव्याचे पाणी थोड्या बागायतदारांनी मनमुराद वापरावे आणि बाकीच्यांनी कोरडे राहावे, ही दख्खनमधील स्थिती पालटण्यासाठी त्यांनी पिकांची पाळी आणि पाण्याचे वाटप ठरवून देणारी गटपद्धती आखली. परंतु त्यांचे नाव देशभर झाले ते खडकवासल्यामुळे. त्या तलावाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुण्याला त्याची उणीव भासे. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढविण्यासाठी त्यांनी १९०३ च्या सुमारास सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडून राहावे, त्याच्या वर चढले की त्याच पाण्याच्या भाराने दरवाजे उघडावेत आणि पूर ओसरला की आपोआप मिटावेत, अशी ती रचना होती. रात्री-अपरात्री पूर आला तरी दरवाजे उघडण्यासाठी माणूस धावत जाण्याची गरज उरली नाही. या रचनेचे एकस्व त्यांच्या नावावर होते. पण ज्या सरकारचे आपण वेतन घेतो त्याच्याकडून त्यावर मानधन घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही हे दरवाजे आले.

एवढे होऊनही मुंबई इलाख्याचे मुख्य अभियंता हे पद भारतीय माणसाला मिळण्याचा संभव त्या काळी नव्हता. हे ओळखून १९०८ साली त्यांनी नोकरीतून निवृत्ती घेतली आणि ते परदेशाच्या प्रवासास निघाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. शहराच्या वरच्या बाजूस मुसी आणि तिची उपनदी ईसी या दोहोंवर जलाशय बांधून पुराचे पाणी तेथेच थोपवावे, अशी योजना त्यांनी दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन्ही जलाशय पुढे त्या योजनेतून उभे राहिले. हैदराबादच्या मराठी भाषकांच्या कित्येक पिढ्या त्यांचे पाणी प्याल्या आहेत.

हैदराबादचे काम चालू असतानाच म्हैसूरहून बोलावणे आले. नोव्हेंबर १९०९ मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानच्या मुख्य अभियंत्याचे पद स्वीकारले. संस्थानात उद्योगधंदे उभारण्यास वाव मिळणार असेल तरच आपण येऊ, अशी त्यांची भूमिका होती. महाराज कृष्णराज वडियार यांच्याकडून तसे आश्वासन मिळाले आणि विश्वेश्वरय्या आपल्या जन्मभूमीत परतले.

म्हैसूरला विजेची ओळख त्यापूर्वीच झालेली होती. कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यावर दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने वीजगृह उभारले गेले आणि १९०२ साली तेथून सुमारे ९२ मैल दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाऊ लागली. इतक्या लांबवर वीज वाहून नेण्याचा प्रयोग तेव्हा जगात फार थोड्या ठिकाणी झाला होता. १९०५ साली बंगलोरचे रस्तेही विजेच्या दिव्यांनी उजळले. पण या वैभवात एक मोठी उणीव होती. धबधब्याची उंची निसर्गाने दिलेली असली, तरी नदीचे पाणी बारमाही सारखे नव्हते. पावसाळ्यात कावेरी दुथडी वाहे आणि उन्हाळ्यात तिची धार इतकी क्षीण होई की वीजगृहातील सर्व यंत्रे चालविणे अशक्य व्हावे. खाणींची मागणी तर वाढत होती. खाणीतील पाणी उपसणारे पंप आणि माणसांना वर आणणारे पाळणे ऋतुमानाकडे पाहून थांबू शकत नव्हते.

यावरचा उपाय विश्वेश्वरय्या यांनी वरच्या अंगाला शोधला. म्हैसूरपासून सुमारे १२ मैलांवर, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या नद्या कावेरीला मिळतात त्याच्या खाली, कन्नंबाडी गावाजवळ धरण बांधावे, पावसाळ्याचे पाणी तेथे साठवावे आणि उन्हाळ्यात ते मोजून नदीत सोडावे. म्हणजे शिवसमुद्रम् येथे वर्षभर एकसारखे पाणी मिळून विजेचा पुरवठा स्थिर होईल. उरलेल्या साठ्यातून मंड्या भागातील सव्वा-दीड लाख एकर कोरडवाहू जमीन भिजविता येईल. या कल्पनेला जुना आधारही निघाला. काम चालू असता त्या परिसरात टिपू सुलतानाच्या काळातील एक फारसी शिलालेख सापडला. त्याच जागी कावेरीला बांध घालण्याचा त्याचाही संकल्प होता, हे त्यावरून उघड झाले.

योजनेचा अंदाजी खर्च सुमारे अडीच कोटी रुपये होता. तेव्हाच्या म्हैसूर संस्थानाच्या दृष्टीने ही रक्कम छातीत धडकी भरविणारी होती. अर्थखात्याने शंका घेतली. एवढी वीज घेणार कोण, एवढे पाणी शेतकरी वापरतील का आणि गुंतविलेला पैसा परत कधी येईल, हे प्रश्न निरर्थक नव्हते. विश्वेश्वरय्या यांनी एकेका शंकेला आकड्यांनी उत्तर दिले. तरीही निर्णय लांबत गेला. तेव्हा त्यांनी कामातील उत्साहच आवरता घेतला. महाराजांच्या ध्यानी ही गोष्ट आली, त्यांनी त्यामागचे कारण जाणून घेतले आणि ऑक्टोबर १९११ मध्ये योजनेला मंजुरी दिली. नोव्हेंबरात काम सुरू झाले.

खरा अडथळा संस्थानाबाहेरचा होता. कावेरी म्हैसुरातून मद्रास इलाख्यात जाते आणि तंजावरचा त्रिभुज प्रदेश शतकानुशतके तिच्यावर जगत आला आहे. वरच्या अंगाला नवे धरण बांधावयाचे तर मद्रासची संमती घेणे १८९२ च्या कराराने म्हैसूरला बंधनकारक होते. त्यातच मद्रास सरकारचाही मेत्तूर येथे स्वतःचे धरण बांधण्याचा विचार होता. बराच पत्रव्यवहार झाल्यावर म्हैसूरला पहिल्या टप्प्यापुरती परवानगी मिळाली : भिंत सुमारे ८० फूट, साठा ११ अब्ज घनफूट.

येथे विश्वेश्वरय्या यांनी जो निर्णय घेतला, तो त्यांच्या स्वभावाचा आरसा आहे. दगडी धरण आपल्या वजनाच्या बळावर पाण्याचा रेटा सहन करते. भिंत जितकी उंच, तितका तिचा पाया रुंद असावा लागतो. ८० फुटी भिंतीच्या पायावर पुढे १२४ फुटांची भिंत चढविता येत नाही, आणि एकदा पाणी साठल्यावर पाया रुंद करणे अतोनात खर्चाचे आणि जोखमीचे ठरते. म्हणून त्यांनी पाया पहिल्यापासूनच पूर्ण उंचीच्या धरणाला पुरेल असा घातला. मद्रासने हरकत घेतली. परवानगी लहान धरणाची असता पाया मोठ्याचा का, हा त्यांचा सवाल होता, आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर तो अवाजवीही म्हणता येत नाही. प्रकरण लवादाकडे गेले. न्यायमूर्ती ग्रिफिन यांनी १९१४ साली दिलेला निवाडा म्हैसूरला अनुकूल ठरला, पण मद्रासने तो मान्य केला नाही आणि वाद विलायतेपर्यंत पोहोचला. अखेर फेब्रुवारी १९२४ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला. त्याने कन्नंबाडीला पूर्ण उंचीची आणि मेत्तूरलाही धरणाची वाट मोकळी झाली. तोवर पाया तेरा वर्षे वाट पाहत उभा होता.

दरम्यान बांधकाम थांबले नव्हते. सुमारे दहा हजार मजूर कामावर होते. परदेशी सिमेंट महाग, म्हणून चुन्यात विटांची भुकटी मिसळून केलेली सुरखी वापरण्यात आली. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या आणि घाटांच्या बांधकामात जिचा अनुभव आहे, तीच ही सुरखी. हिवतापाने मजुरांना हैराण केले. पावसाळ्यापूर्वी ठरलेल्या उंचीपर्यंत भिंत नेली नाही तर पूर सारे धुऊन नेणार, म्हणून रात्री दिव्यांच्या उजेडात काम चाले. कोलारच्या खाणींना वाढीव वीज देण्याचे वचन १९१५ च्या पावसाळ्याच्या तोंडावरचे होते. खाणमालकांना ते पाळले जाईल याचा भरवसा वाटत नव्हता. वचन पाळले गेले.

नोव्हेंबर १९१२ मध्ये महाराजांनी त्यांना दिवाणपद दिले. अभियंत्याच्या हाती राज्यकारभार आला आणि धरण हे एका मोठ्या आराखड्याचे अंग बनले. १९१३ साली म्हैसूर बँक निघाली. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यापाठोपाठ बंगलोरचे अभियांत्रिकी महाविद्यालय. चंदनतेल आणि साबण यांचे कारखाने याच काळातले. कन्नड साहित्य परिषदेची १९१५ मधील स्थापनाही त्यांच्या प्रोत्साहनाने झाली. आपल्या वाचनालयाच्या सभासदांना विशेष आवडावी अशी गोष्ट म्हणजे १९१४-१५ च्या सुमारास बंगलोर आणि म्हैसूर येथे त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये उघडविली. यंत्रे परदेशातून विकत आणता येतात, ती चालविणारी माणसे मात्र येथेच घडवावी लागतात, हे त्यांनी जाणले होते. वीज, बँक, विद्यापीठ आणि ग्रंथालय ही त्यांच्या लेखी एकाच यंत्राची चाके होती.

भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना ही त्यांची दुसरी महत्त्वाकांक्षा. त्याची उभारणी १९१८ मध्ये सुरू झाली आणि १९२३ मध्ये उत्पादन निघाले. जवळ दगडी कोळसा नसल्याने जंगलातील लाकडाच्या कोळशावर लोखंड गाळण्याची पद्धत स्वीकारावी लागली. महायुद्धानंतर लोखंडाचे भाव कोसळले, कारखाना तोट्यात गेला आणि टीकाकारांना तोंड फुटले. दिवाणपद सोडल्यानंतरही विश्वेश्वरय्या यांनी काही वर्षे त्याच्या मंडळाचे अध्यक्षपद सांभाळून त्याची घडी बसविली. या कामाचे मानधन स्वतःसाठी न घेता ते बंगलोरला व्यावसायिक शिक्षणाची संस्था काढण्यासाठी वापरावे, अशी त्यांनी व्यवस्था केली.

दिवाणपदाचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. संस्थानातील सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्राबल्य होते आणि इतर समाजांतून न्याय्य वाट्याची मागणी जोर धरू लागली होती. महाराजांनी १९१८ साली लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी समिती नेमली. नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात आणि मागासलेल्यांना शिष्यवृत्त्या व शाळा देऊन वर आणावे, असे विश्वेश्वरय्या यांचे मत होते. महाराजांचा कल वेगळा होता. वर्षाअखेरीस त्यांनी पद सोडले. त्यांचा गुणवत्तेचा आग्रह प्रामाणिक होता यात संशय नाही. ते स्वतः गरिबीतून वर आले होते. परंतु गरीब असूनही ज्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षरओळख होती अशा घरातून ते आले होते, आणि ज्यांच्या घरात पाटी कधी आलीच नाही त्यांच्यासाठी परीक्षेचा दरवाजा उघडा असूनही बंदच असतो, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात पुरेशी उतरली नाही. त्याच सुमारास आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ पासून राखीव जागांचे धोरण चालविले होते. दक्षिणेतील दोन संस्थानांचा या बाबतीतला विचार पुढे एकाच दिशेने गेला आणि इतिहासाने त्याला दुजोरा दिला.

याच तटस्थपणे धरणाच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहावयास हवे. जलाशयाच्या पोटात कन्नंबाडीसह अनेक गावे गेली. तेथील होयसळ शैलीचे वेणुगोपालस्वामींचे प्राचीन मंदिरही पाण्याखाली गेले. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले म्हणजे त्याचे दर्शन होई. एकविसाव्या शतकात ते दगड न् दगड उचलून जलाशयाच्या काठी नव्याने उभारण्यात आले. देवालय हलले, पण ज्यांची शेते आणि घरे गेली त्यांची नावे कोणत्या कोनशिलेवर नाहीत. त्याच दशकात आपल्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या वीजधरणाविरुद्ध सेनापती बापटांनी शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभारला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. विजेचा दिवा शहरात लागतो तेव्हा त्याची किंमत दूरच्या एखाद्या खोऱ्याने दिलेली असते, हे कन्नंबाडीलाही लागू आहे.

धरण पूर्ण झाले ते १९३०-३२ च्या सुमारास. तेव्हा दिवाणपदी मिर्झा इस्माईल होते. सुमारे ८६०० फूट लांब आणि १३० फूट उंच भिंत, आणि सुमारे ४९ अब्ज घनफूट पाणी साठविणारा हा जलाशय महाराजांच्या नावाने कृष्णराजसागर म्हणून ओळखला जातो. त्यातून निघालेल्या मोठ्या कालव्याला आरंभी व्हाइसरॉय आयर्विन यांचे नाव होते. पुढे त्याला विश्वेश्वरय्या यांचे नाव देण्यात आले. कालव्याचे पाणी पोहोचताच मंड्याच्या माळावर ऊस डोलू लागला आणि १९३३ साली तेथे साखर कारखाना उभा राहिला.

निवृत्तीनंतरही विश्वेश्वरय्या स्वस्थ बसले नाहीत. भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा मांडणारा त्यांचा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. नियोजन मंडळ स्थापन होण्यापूर्वी सोळा वर्षे तो लिहिला गेला, यावरून त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना येईल. मोठ्या उद्योगांवरील त्यांची श्रद्धा आणि महात्मा गांधींचा ग्रामोद्योगांवरील भर यांत उघड भेद होता, पण परस्परांविषयीच्या आदरात त्यामुळे उणेपणा आला नाही. १९५१ साली त्यांनी आपल्या कार्यजीवनाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. १९५५ साली भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. नीटनेटका पोशाख, मिनिटाचा काटा पाळणारी दिनचर्या आणि सरकारी व खासगी यांतील रेषा कधी न पुसणारा व्यवहार, ही त्यांची ख्याती अखेरपर्यंत टिकली. वयाची शंभरी ओलांडल्यावर एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळीच्या मातीत त्यांची समाधी आहे.

आता मागे वळून पाहता काही गोष्टी विचार करायला लावणाऱ्या आहेत. ज्या सोन्याच्या खाणींच्या विजेसाठी या धरणाची निकड भासली, त्या कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. १९२४ च्या कराराची पन्नास वर्षांची मुदत १९७४ साली संपली आणि कावेरीचा वाद पुन्हा पेटला. १९९० साली लवाद नेमला गेला, २००७ साली त्याचा निवाडा आला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वाटप ठरवून दिले. तरीही पाऊस ओढ देतो त्या वर्षी दोन्ही राज्यांचे डोळे या जलाशयाच्या पातळीकडे लागतात. वीज अन्य मार्गांनी निर्माण करता येते, पाणी निर्माण करता येत नाही. म्हणून विजेसाठी बांधलेले हे धरण आज मुख्यत्वे शेतीचे आणि पिण्याच्या पाण्याचे धरण झाले आहे. त्याचा हा पालट त्याच्या कर्त्याच्या आराखड्यात नव्हता, पण त्याने घातलेल्या पायाने तो पेलला.

विश्वेश्वरय्या यांनी कन्नंबाडीला मंजुरी मिळविली तेव्हा ते पन्नाशीचे होते. धरण पुरे झाले तेव्हा सत्तरीचे, आणि त्याच्यावर त्यांचा कोणताही अधिकार उरलेला नव्हता. मधल्या काळात दिवाण बदलले, करार झाले, भावांची चढउतार झाली, तरी काम थांबले नाही, कारण ते एका माणसाच्या पदावर अवलंबून राहू नये अशा रीतीने आखलेले होते. शंभर वर्षे चाललेल्या आपल्या वाचनालयासारख्या संस्थेच्या सभासदांना यातले मर्म निराळे उलगडून सांगण्याचे कारण नाही.